निजलेल्या माणसाचें चित्र

आपलें चित्र काढून घेण्यास बसलेला मनुष्य बहुधा सावध असतो. तो केस सारखे करतो, हनुवटी उचलतो, आणि जगानें आपणांस जसें पाहावें असें वाटतें तसा चेहरा धारण करतो. निद्रिस्त माणसास यांतलें कांहींच करितां येत नाहीं. म्हणून डच चित्रकार रेम्ब्रांट यानें सुमारें १६५४ सालीं काढलेलें निजलेल्या तरुणीचें चित्र आम्हांस विशेष मोलाचें वाटतें. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील हा कागद सुमारें २५ सेंटिमीटर उंच व २० सेंटिमीटर रुंद, म्हणजे मोठ्या वहीच्या पानाएवढाच आहे. ही तरुणी त्याच्या घरीं राहणारी हेंड्रिकये स्टोफेल्स असावी, असें समजतात.

रंग म्हणावा तर एकच, पाण्यांत कालविलेला तपकिरी. आणि जवळजवळ सारें काम कुंचल्याचें. अंगावरील वस्त्राचा घोळ मोजक्या रुंद फटकाऱ्यांत उभा राहिला आहे. चेहऱ्याशीं मात्र कुंचला हलका झाला आहे. तैलरंगांत चुकलेलें झांकतां येतें. येथें कागदानें शोषलेला फटकारा परत घेतां येत नाहीं. शिवाय निजलेलें माणूस केव्हां कूस बदलील, याचा नेम नाहीं. तेव्हां हात चपळ हवा, पण दृष्टि शांत हवी.

अशी दृष्टि शिक्षकासही हवी. वसतिगृहांत आम्ही रात्रीं फेरी घालतों. एकदां, ज्याच्याविरुद्ध त्या आठवड्यांत तीन तक्रारी आल्या होत्या, तो मुलगा जुन्या लुगड्याची गोधडी गळ्याशीं ओढून निजलेला दिसला. दिवसाचा ताठा चेहऱ्यावर नांवालाही नव्हता. सकाळीं शिक्षा आम्ही माफ केली नाहीं; तक्रारी खऱ्या होत्या. परंतु आधीं त्यास जवळ बसवून विचारलें, तेव्हां कळलें कीं महिनाभर त्यास घरचें पत्र नव्हतें. शिक्षेबरोबर एक पोस्टकार्डही त्याच्या हातीं दिलें.

विद्यार्थिमित्रहो, घरांत सर्वांमागून निजून सर्वांआधीं उठणारी आई तुम्हांपैकीं कितीजणांनीं निजलेली पाहिली आहे? सुटींत एखाद्या दुपारीं तिचा डोळा लागला, तर वाटींत थोडें पाणी व एकच रंग घ्या, आणि आवाज न करितां समोर बसा. चित्र साधो वा न साधो. पण तेवढा वेळ तीस कोणी हांक मारणार नाहीं.