बसून राहण्याचं काम

अंधेरी-बोरिवली काय किंवा घाटकोपर-मुलुंड काय, उपनगरांत इतकी सिझेरियन का होतात असं विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तर तयारच असतं: डॉक्टर पैशासाठी करतात. मी मिडवाइफ असल्यामुळे मी लगेच मान डोलवीन अशीही त्याची खात्री असते. मला ते उत्तर पुरतं पटत नाही.

उपनगरातलं नेहमीचं मॅटर्निटी होम डोळ्यांपुढे आणा. सोसायटीचा पहिला मजला, खाली केमिस्ट, वर दहा-बारा खाटा. स्त्रीरोगतज्ज्ञ एकच. सकाळी ऑपरेशनं, संध्याकाळी ओपीडीची गर्दी. भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ फोन करून बोलवायचे, आणि ते दिवसभर अशाच चार ठिकाणी फिरत असतात. पहिलटकरणीच्या कळा रात्रभर चालू शकतात. तेवढा वेळ तिच्यापाशी बसणार कोण? रात्रपाळीला एक सिस्टर, एक मावशी. पहाटे तीनला बाळाचे ठोके उतरले आणि भूलतज्ज्ञांचा फोन लागला नाही, तर? ही धास्ती बाळगणारा डॉक्टर संध्याकाळी सातला, सगळे हाताशी असताना, ‘आता घेऊन टाकू या’ म्हणतो. पैशाचा मोह कुणालाच नसतो असं मी म्हणणार नाही. पण मी पाहिलेली बरीचशी ‘घेऊन टाकलेली’ सिझेरियन या धास्तीपोटी झालेली आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या खासगी रुग्णालयांतलं सिझेरियनचं प्रमाण ४७.४ टक्के आलं, सरकारीत १४.३ टक्के. या आकड्यांमागे पैसा, पेशंटची निवड, घरच्यांचा मुहूर्ताचा हट्ट अशी पुष्कळ कारणं आहेत. मला त्यात ड्यूटीचा तक्ताही दिसतो. मोठ्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर पाळ्यांनी रात्रंदिवस हजर असतात, त्यामुळे वाट पाहणं परवडतं. मात्र तिथे एका सिस्टरच्या वाट्याला इतक्या जणी येतात, की प्रत्येकीची वाट एकटीनंच पाहायची असते. खाटेला खाट लागलेली, पडदा असला तर असला, म्हणून नवऱ्याला आत येऊ देणंही अवघड. केंद्र सरकारच्या २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबतीला माणूस असावं हे आलं आहे. ते माणूस व्यवहारात आई, सासू किंवा नणंद असतं.

घाटकोपरला राजावाडी हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, पंतनगरच्या जुन्या इमारतीत राहणारं एक जोडपं माझ्याकडे पाचव्या महिन्यात आलं. ती शाळेत शिकवते, तो मेट्रोनं अंधेरीला नोकरीला जातो. त्यांना बाळंतपण घरीच हवं होतं. मी जिना पाहिला आणि नाही म्हटलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वळणावर स्ट्रेचर उभं करावं लागेल, आणि खाली ॲम्ब्युलन्स आली तरी पुढे ट्रॅफिक. या शहरात अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो. मग असं ठरलं, की सुरुवातीच्या कळा घरी काढायच्या आणि बाळंतपण एका ओळखीच्या मॅटर्निटी होममध्ये. तिथले डॉक्टर मला काम करू देतात आणि स्वतः वरच्या मजल्यावर राहतात. ही दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते.

घरात सगळ्यांत जास्त विरोध होता तो संगमेश्वरहून आलेल्या आजीचा. तिची पाचही बाळंतपणं सुईणीच्या हातची. त्यातलं एक मूल आठवड्याभरात धनुर्वातानं गेलं. पाठची बहीण बाळंतपणात रक्त जाऊन गेली. सुईण हवी म्हणणारी नात आणि सुईणीचं नाव नको म्हणणारी आजी, अशा दोघींच्या मध्ये मी चहा पीत बसले होते. आजीनं मला एकच विचारलं, “रक्त थांबवायची सुई आहे ना तुमच्याकडं?” आहे, म्हटलं. त्यानंतर ती माझ्या बाजूची झाली.

कळा सुरू झाल्या त्या संध्याकाळी. रात्री अकराला आम्ही मॅटर्निटी होममध्ये पोचलो तेव्हा पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं होतं, आणि पहाटे तीनलाही चारच. जुन्या हिशेबानं हे बाळंतपण ‘अडलेलं’. अमेरिकेतल्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५०च्या दशकात काढलेल्या आलेखावरून तासाला एक सेंटिमीटर हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८मध्ये तो सैल केला: वेगानं तोंड उघडण्याचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा, आणि आई-बाळ ठीक असतील तर केवळ हा वेग गाठला नाही म्हणून कळा वाढवायला किंवा सिझेरियन करायला धावू नये. ‘ठीक असतील तर’ हे शब्द लिहायला सोपे आहेत. ते ठरवायला कुणीतरी दर अर्ध्या तासानं, पुढे दर पंधरा मिनिटांनी डॉपलर लावून ठोके ऐकायचे असतात; कळ चालू असताना आणि ओसरल्यावरही. डॉक्टर साडेतीनला खाली आले, कागद पाहिला, ठोके स्वतः ऐकले आणि पुन्हा झोपायला गेले. एका डॉक्टरला असं झोपायला जाता यावं, हीच माझी नोकरी.

नवऱ्याला मी आधीच कामाला लावलं होतं. कमरेच्या खालच्या हाडावर तळहातानं दाब कसा द्यायचा हे त्यानं सातव्या महिन्यापासून गिरवलं होतं. पहाटेपर्यंत त्याचे हात भरून आले. ती चालली, खुर्चीवर उलटी बसली, मध्ये पेज प्यायली, खजूर खाल्ला, एकदा त्याच्यावर जबरदस्त ओरडली. सकाळी सातला सात सेंटिमीटर, आणि दहाच्या सुमाराला बाळ आलं. ती तेव्हा पलंगावर गुडघे आणि हात टेकून होती. नाळेचा एक वेढा गळ्याभोवती होता, तो बोटानं सोडवला. सिझेरियनचं कारण म्हणून हा वेढा घराघरांत सांगितला जातो. प्रत्यक्षात चारातल्या एखाद्या बाळाला तो असतो आणि बहुतेक वेळा असाच सुटतो.

‘नैसर्गिक’ या हट्टापायी दोघांना नंतरचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शनही नको होतं. त्यावर आमची आठव्या महिन्यातच वादावादी होऊन गेली होती. मी जिंकले, म्हणजे आजी जिंकली. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात १० युनिट मांडीत, नाळ कापण्याची मात्र घाई नाही.

त्याच महिन्यात मुलुंडच्या एका बाईचं सगळं असंच छान चाललेलं असताना कळ ओसरल्यावरही बाळाचे ठोके वर येईनात. अर्ध्या तासात सिझेरियन झालं, बाळ रडलं. तिला आपण हरल्यासारखं वाटत होतं. हा ‘नैसर्गिक’च्या जाहिरातबाजीनं केलेला नवा छळ आहे आणि त्याला आम्हीही थोडा हातभार लावतो.

हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलनं २०११मध्ये मिडवाइफ शिकवायला सुरुवात केली. केंद्रानं २०१८च्या अखेरीस मार्गदर्शिका काढून नर्सेससाठी १८ महिन्यांचा मिडवाइफरीचा अभ्यासक्रम आखला. माझं म्हणणं असं, की मुंबईत हे काम पहिल्यांदा महापालिकेच्या प्रसूतिगृहांत व्हावं. वस्तीत जागा आहे, बायका येतात, मोठी रुग्णालयं जोडलेली आहेत. पाण्यातल्या बाळंतपणाचं टब-पॅकेज ज्यांना परवडतं त्यांची सोय कशीही होतेच.

घाटकोपरच्या त्या डॉक्टरांनी मला आता महिन्यातल्या काही रात्री बांधून घेतलं आहे. अडतं ते बिलावर. त्यात ओटीचा रकाना आहे, भूल देण्याचा आहे, औषधांचा आहे. रात्रभर बसण्याचा नाही. सध्या ते माझे पैसे ‘इतर’मध्ये धरतात, आणि डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक नेमकं त्याच आकड्यावर बोट ठेवून विचारतात, हे कशाचे?