बट्टा

१९५७ सालच्या १ एप्रिलला नवे पैसे चलनात आले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि मुरुडच्या बाजारात कोळणी मासळीचा भाव अजून आण्यांतच सांगत असल्या, तरी जुने चलन आता सरकारजमा होणार या धास्तीने आजीने आपला पितळी डबा माळ्यावरून खाली उतरवला होता. त्यात युद्धकाळातले भोकाचे पैसे होते, व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे पाव आणे होते, आणि सर्वांच्या तळाशी, कडा वेड्यावाकड्या असलेला, काळपट असा तांब्याचा एक जाड तुकडा होता. तो मी कोणाला न विचारता उचलला, विहिरीवर नेला आणि चिंच नि राख लावून, देवाची भांडी घासावीत तसा, लालभडक होईपर्यंत घासला. घासता घासता ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे उमटू लागली, आणि ती अधिक स्पष्ट दिसावीत म्हणून मी आणखी जोर केला. दुसरी बाजू घासायची राहिली, कारण तेवढ्यात जेवायला हाक आली.

आजीने तो तुकडा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि एवढेच म्हणाली, “अरे, माझ्या सासूबाईंनी दिलेली शिवराई ती. ते काय भांडं होतं?”

आपण नेमके काय गमावले हे मला पुढे पंधरा वर्षांनी, बाजारातल्या एका वृद्ध सराफाने भिंग डोळ्याला लावून दाखवले. तांब्यावर काळाने चढवलेले पूट हेच त्या नाण्याचे चिलखत असते. ते मी खरवडून काढले होते आणि त्याबरोबर ‘शि’ची आधीच झिजलेली वेलांटीही गेली होती. न घासलेल्या बाजूवर मात्र ‘छत्रपति’ ही अक्षरे तपकिरी पुटाखाली सुखरूप होती आणि त्यांच्यामधून दोन आडव्या रेघा गेल्या होत्या. ही दुदांडी, सराफ म्हणाले. म्हणजे पुष्कळ नंतरची. शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकापासून पडू लागली हे खरे, परंतु त्याच नावाने ती पुढे पेशवाईतही अनेक टांकसाळींतून पडत राहिली. तेव्हा महाराजांच्या हातची म्हणून कोणी विकू लागल्यास आधी रेघा पाहाव्यात. त्यांचा हा सल्ला मी आजवर पाळत आलो आहे.

त्यांच्याच तोंडून मी प्रथम ऐकले की आमच्या जंजिऱ्याच्या सिद्दींचीही स्वतःची टांकसाळ होती, आणि तिच्यातून निघणारे नाणे हिणकस म्हणून १८३४ मध्ये इंग्रजांनी ती बंद केली. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने एकशे ऐंशी ग्रेन वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, एकसारखा रुपया आपल्या सर्व मुलखासाठी ठरवला. तोवर चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही असे नाना रुपये बाजारात फिरत, आणि प्रत्येकाचा कस पाहून सराफ जो कमीअधिक भाव कापून घेत, तो बट्टा. घराण्याच्या नावाला बट्टा लागतो असे आपण आजही म्हणतो, ते या पेढ्यांवरचे बोलणे आहे. हिणकस म्हणून मोडलेले ते हबसाणातले, म्हणजे जंजिऱ्याचे, नाणे पुढे मी कितीतरी ठिकाणी शोधले. ज्याला इतिहासाने नाकारले तेच पाहण्याची मला ओढ होती. माझ्या हाती ते कधीच आले नाही.

किनाऱ्यावरून समोर कासा खडकावरचा पद्मदुर्ग दिसतो. महाराजांनी तो जंजिऱ्याला शह देण्यासाठी उभारला, आणि तरीही जंजिरा मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही. परंतु सिद्दी नवाबाच्या त्याच रियासतीत, आमच्या सुपारीच्या वाडीतल्या घरात, ‘श्री राजा शिव’ या अक्षरांचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला गेला. तो कोणत्या गलबतातून वा कोणाच्या कमरेच्या कशातून आला, हे नाणे सांगत नाही, आणि आपण त्याच्या तोंडी काही घालू नये असे मला वाटते.

आता घासलेल्या बाजूवरही थोडी तपकिरी छटा परतली आहे, तथापि ती पहिल्यासारखी नाही. हाताला ती बाजू अजून गुळगुळीत लागते. लक्ष्मीपूजनाला मी शिवराई पाटावर मांडतो, ती ‘छत्रपति’ वर करून. तिला कुंकू मात्र लावू देत नाही.