खेकडा छापलेली चिप

कळमन्याच्या मिरची बाजारात कॉम्प्युटर उघडला की आधी ब्रश काढावा लागतो. पंख्यावर, पोर्टात, कार्डाच्या पट्ट्यांवर बारीक लाल धूळ बसलेली असते. नाकाला रुमाल नसेल तर ठसका ठरलेला. धूळ झाडून मोबाईलचा टॉर्च धरला की नेटवर्क पोर्टाजवळ काळी चौकोनी चिप दिसते. तिच्यावर खेकडा छापलेला असेल तर ती रियलटेकची. मी तिचा नंबर वाचतो. डब्यावरच्या नावावर मी जात नाही, कारण नाव तेच ठेवून आतली चिप बदलते. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या यूएसबी वायफाय कार्डाच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसरीपासून रियलटेकची आली. लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते अडत्यांकडच्या जुन्या मशीनांत कुठून असणार? टॅली असेल तिथे मी हात लावत नाही. पण ब्राउझर आणि साध्या हिशेबावर ज्यांचं भागतं, त्यांच्याकडे लिनक्स टाकतो. मग एखाद्या सकाळी फोन येतो, ‘भाऊ, नेट चालून नाही राहिलं.’

अशा वेळी ‘एलएसपीसीआय’ला ‘एनएनके’ जोडून आदेश द्यायचा. १०ईसी:८१६८ असं काही उमटतं. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा चिपचा. खालच्या ओळीत कोणता ड्रायव्हर लागला ते येतं. ती ओळच नसेल, तर त्या कार्डाला कोणी वालीच मिळालेला नाही.

इथे लोक गोंधळतात. चिपवर ८१११, यादीत ८१६८ आणि ड्रायव्हर आर८१६९! काहीतरी चुकलंय असं वाटून ते कंपनीचा आर८१६८ आणून बसवतात. चुकलेलं काही नसतं. या सगळ्या चिपा कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, आर८१६९ च सांभाळतो. बाहेरचा ड्रायव्हर क्वचित लागतो, नाही असं नाही, पण मी तो शेवटी धरतो. कर्नलच्या आतली रचना सतत बदलते, आणि जो ती बदलतो तोच कर्नलमधले ड्रायव्हरही जुळवून देतो. बाहेरच्याची ती जबाबदारी कोणी घेत नाही. कर्नलच्या प्रत्येक अपडेटनंतर डीकेएमएस हे साधन तो पुन्हा बांधू पाहतं. जमलं नाही की नेट जातं, आणि नवा ड्रायव्हर उतरवायलाही नेटच हवं असतं. तेवढ्यापुरता अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो.

कार्ड नवं आणि कर्नल जुना असेल तर कर्नल बदलावा. अडीच गिगाबिटची आरटीएल८१२५ चिप आर८१६९ मध्ये आली ती २०१९ च्या ५.४ कर्नलपासून. वायफायला बहुधा फर्मवेअरची फाईलही लागते, आणि ती सहसा मुक्त नसते. डेबियन या लिनक्स वितरणाने २०२२ मध्ये मतदान घेऊन ती इन्स्टॉलरसोबत द्यायचं ठरवलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ती मिळू लागली. मुक्ततेच्या तत्त्वाला ही मुरड होती, तरी मला ती पटली. नेटच नसलेल्या मशीनवर मुक्त प्रणाली टिकत नाही, मालक दुसऱ्या दिवशी चोरीचं विंडोज टाकून घेतो.

म्हणून सीताबर्डीत कार्ड घ्यायला जाताना मी लॅपटॉप आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह सोबत नेतो. यूएसबी कार्ड असेल तर काउंटरवरच लावून पाहतो, त्याला ड्रायव्हर लागलेला दिसला की मगच पैसे देतो.