शुगर बघितली का?

आठ मिनिटांचं स्टेशन होतं. टेबलावर प्लास्टिकचा माणूस आडवा, शेजारी ऑक्सिजन, मॉनिटर, औषधांचा ट्रे आणि खुर्चीत बसलेले परीक्षक. दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं : ‘पुरुष, वय अंदाजे ४५, एसटी स्टँडवर बेशुद्ध सापडला. तोंडाला दारूचा वास.’

मी आत गेले. हाक मारली, खांदा हलवला, मान मागे करून श्वासमार्ग मोकळा केला, श्वास बघितला, ऑक्सिजन लावला, पल्स, बीपी, बाहुल्या, जीसीएस. सगळं बोलत बोलत, कारण या परीक्षेत मनात केलेल्या गोष्टीला मार्क नसतात. सुई लावली, सलाइन सुरू केलं. सहा मिनिटं झाली होती. परीक्षकांनी विचारलं, “अजून काही?”

मी म्हणाले, “पेशंट शिफ्ट करेन, सर.”

“अजून काही बघायचंय?”

मी परत पल्स बघितली. प्लास्टिकच्या माणसाची.

बेल वाजली. संध्याकाळी यादी लागली तेव्हा त्या स्टेशनपुढे ‘अनुत्तीर्ण’ होतं. बाकी सगळं बरोबर असलं तरी बेशुद्ध माणसाची रक्तातली साखर न बघणं ही एक चूक स्टेशन घालवायला पुरेशी होती. पेपर जेमतेम सुटला होता.

लाज वाटण्याचं खरं कारण वेगळं आहे. एबीसीच्या पुढे डी-ई-एफ-जी, म्हणजे ‘डोन्ट एव्हर फर्गेट ग्लुकोज’, हे वाक्य माझ्या नोट्समध्ये तीन ठिकाणी होतं आणि तिन्ही ठिकाणी त्याच्यावर पिवळा हायलायटर फिरवलेला होता. एका ठिकाणी तर कडेला चांदणीसुद्धा.

मी बीएएमएस. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर म्हणून लागले आणि नोकरी करता करता इमर्जन्सीचा पदव्युत्तर डिप्लोमा घेतला. आमच्यासारखे खूप आहेत. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ ची सेवा सुरू झाली ती प्रत्येक गाडीवर डॉक्टर या हिशोबाने, आणि त्यातले बरेचसे आयुर्वेद-होमिओपॅथीचे. कॉलेजात आम्ही साडेचार वर्षं ‘टीप लिहा’ आणि ‘सविस्तर वर्णन करा’ यांची उत्तरं लिहिली. तिथून एकदम ‘पेशंट निळा पडलाय, तू काय करशील, बोल’ इथे येऊन पडलो.

अभ्यासाची माझी पद्धत दहावीपासून एकच. वाचायचं, रंगवायचं, परत वाचायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त रंगवलेलं वाचायचं. सोबतीला २१ अपेक्षित. या पद्धतीवर मी बोर्डात मार्क मिळवले, गावात सत्कार झाला, नारळ आणि शाल मिळाली. म्हणजे पद्धत चुकीची आहे हे कळायला मला काही कारणच मिळालं नव्हतं. डिप्लोमाला फक्त दीडपट वेगाने बघायचे व्हिडिओ वाढले. व्हिडिओ बघताना प्रत्येक वाक्याला वाटायचं, हो हो, हे माहितीये. ते ‘माहितीये’ वाटणंच घातक होतं, पण ते नंतर.

आमच्या गाडीचे ड्रायव्हर मामा. पन्नाशीचे, आधी ट्रकवर होते, मग नऊ वर्षं ॲम्ब्युलन्सवर. मामा दहावी नापास आहेत आणि हे ते स्वतःच ओळख करून देताना सांगतात. निकालानंतरच्या पहिल्या नाइटला मी गाडीत मागे बसून तीच फाइल परत वाचत होते, आता गुलाबी हायलायटर घेऊन. मामा दारात उभे राहून बघत होते.

“मॅडम, रंगपंचमी झाली असंल तर एक इचारू?”

“विचारा.”

“फाइल मिटा आधी.”

मिटली.

“बाई हाय, आठवा महिना. घरच्यांनी फोन केला, झटका आला म्हणून. आपण पोचलो तवा झटका थांबलाय, बाई सुस्त पडलीय. पैलं काय काढणार ब्यागेतनं?”

मी बोलायला तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. मॅग्नेशियम सल्फेटचं पान मला दिसत होतं. उजव्या बाजूचं पान, वरून दुसरा परिच्छेद, पिवळा. पान दिसत होतं, त्यावर काय लिहिलंय ते दिसत नव्हतं. शिवाय बॅगेतून पहिल्यांदा औषध काढायचंच नव्हतं. कूस वळवायची, श्वासमार्ग, ऑक्सिजन, बीपी आणि (आता हसू येतं) शुगर, हे औषधाच्या आधी.

तिथून ते सुरू झालं. रात्री कॉल नसेल तेव्हा मामा प्रश्न टाकायचे. क्रम नाही, धडा नाही. एक प्रश्न साप चावलेल्याचा, दुसरा विहिरीत पडलेल्या पोराचा, तिसरा छातीत दुखणाऱ्या हॉटेलवाल्याचा. उत्तर मामांना कधी ठाऊक असायचं, कधी नसायचं. पण नऊ वर्षं शेजारी उभं राहून बघितल्यामुळे मी कुठे गुळमुळीत बोलतेय हे त्यांना बरोबर कळायचं. “म्हंजी नक्की किती?” हा त्यांचा आवडता प्रश्न. अ‍ॅड्रेनालिन द्यायचं, म्हंजी नक्की किती, किती येळानं? एक मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी. हे मी तीनदा चुकले. चौथ्यांदा चुकले नाही, आणि आजही झोपेतून उठवून विचारलं तरी चुकणार नाही.

वाचून जे होत नव्हतं ते विचारल्यावर का होत होतं, हे मी मग शोधलं. २००६ चा रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने एकदा अभ्यासला आणि तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर चारदा अभ्यासलेले पुढे. आठवड्याने घेतली तर त्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१. मला त्यातली आणखी एक गोष्ट जास्त लागली. चारदा अभ्यासणाऱ्यांना आपल्याला छान लक्षात राहील याची खात्री दुसऱ्या गटापेक्षा जास्त होती. म्हणजे मीच. चांदणीसकट.

आमच्या धंद्याच्या जवळचा प्रयोग डेन्मार्कमधला, २००९ चा. मेडिकलच्या विद्यार्थ्यांना सीपीआर आणि बाकीचं पुनरुज्जीवन शिकवलं. एका गटाला शेवटचा अर्धा तास आणखी सराव दिला, दुसऱ्या गटाची त्या अर्ध्या तासात परीक्षा घेतली. वेळ सारखाच. दोन आठवड्यांनी परीक्षा दिलेला गट पुढे होता. परीक्षा म्हणजे शिकून झाल्यावर मोजायची पट्टी, अशी माझी समजूत. इथे परीक्षेनेच शिकवण्याचं काम केलेलं.

हे वाचल्यावर मला आजोबा आठवले. ते पाढे कधी ‘बे एके बे’पासून म्हणायला लावायचे नाहीत. जेवताना मध्येच, “सात अठ्ठे?” मी मनात साताचा पाढा पहिल्यापासून म्हणत छप्पनपर्यंत यायचे आणि ते म्हणायचे, “जिना चढून आलीस. थेट ये.” कॉलेजात अष्टांगहृदयाचे श्लोक पाठ करून घेणारे आमचे सरही तसेच. अर्ध्या श्लोकात थांबायचे आणि कोणाकडेही बोट दाखवायचे. आपण घोकंपट्टीला नावं ठेवतो, मीही ठेवलीत. पण त्या दोघांची पद्धत आणि माझा हायलायटर यांत कोण मागासलेलं होतं, हे आता मला नक्की सांगता येईल. श्लोक मला आजही येतात.

मग मी हायलायटर सोडले. जुन्या कॅलेंडरची पानं कापून कोऱ्या बाजूवर प्रश्न, घडी घालून आत उत्तर, अशा चिठ्ठ्या केल्या. फोनवर अंकी नावाचं ॲप आहे तेही घेतलं, ते चुकलेला प्रश्न लवकर आणि जमलेला प्रश्न उशिरा परत आणतं. पण ड्युटीवर चिठ्ठ्याच बऱ्या पडायच्या, कारण त्या मामांच्या हातात देता यायच्या. मामा त्या पिसून हातात धरायचे. पत्ते खेळताना सापडलो असं लांबून कुणालाही वाटेल, आणि एकदा सुपरवायझरना वाटलंसुद्धा.

हे सगळं मजेत चालू होतं असं नाही. न बघता आठवायला बसलं की पहिले पंधरा दिवस आपण किती मठ्ठ आहोत एवढंच कळतं. वाचताना छान वाटतं, आठवताना वाईट. हॉस्टेलवर माझी रूममेट शंभर पानं वाचून झोपायची आणि मी बारा चिठ्ठ्यांत अडकून रडकुंडीला आलेली असायचे.

आणि हातांचं वेगळंच. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, खोली किमान पाच सेंटिमीटर पण सहाच्या वर नाही, हे मला पाठ होतं. वेग दाखवणारा मॅनिकिन मिळाला त्या दिवशी माझा आकडा आला १४० आणि खोली चारच्याही आत. घाईघाईने वरवर दाबत होते. घाबरलेलं माणूस भराभर दाबतं. मग फोनवर मेट्रोनोम ११० ला लावून गाडीतल्या उशीवर सराव. उशी पाच सेंटिमीटर काय ते सांगत नाही, पण वेग तरी बसला.

एक गोष्ट मात्र मी मामांशी बरेच दिवस बोलले नाही.

परीक्षेच्या महिनाभर आधी आम्ही रस्त्याकडेच्या टपरीजवळून एक माणूस उचलला होता. अर्धवट शुद्धीत, बडबडत होता, दारूचा भपकारा. लोक म्हणाले, रोजचंच आहे. मी बीपी घेतलं, कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला आणि वीस मिनिटांत हॉस्पिटलात सोपवला. रस्त्यात मामांनी आरशातून विचारलं होतं, “शुगर बघितली का?” मी म्हणाले होते, “प्यायलाय हो मामा.”

दारू प्यायलेल्या माणसाची साखर घसरू शकते. पोटात अन्न नसेल तर जास्तच, कारण यकृत दारूच्या मागे लागलेलं असतं, नवी साखर तयार करायला त्याला जमत नाही. बडबड, घाम, झोकांड्या दोन्हींत सारख्याच दिसतात. हेही माझ्या नोट्समध्ये होतं. पिवळं.

त्या माणसाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. हॉस्पिटलने बघितलीच असेल शुगर. असेलच. निकाल लागल्यावर मी ऑफिसात जाऊन त्या दिवसाच्या केसशीटची कार्बन कॉपी काढून बघितली. वेळ, पल्स, बीपी, ऑक्सिजन सगळं माझ्या अक्षरात नीट भरलेलं. ‘आरबीएस’चा रकाना कोरा. खाली माझी सही.

एका रात्री शेवटी मी मामांना ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी परत इचारायला पायजे हुतं.” याच्यावर मला काही सुचलं नाही, आणि त्यांनी नवी चिठ्ठी काढली.

नोव्हेंबरमध्ये फेरपरीक्षा झाली. चिठ्ठ्यांतून शंभरदा घोटलेलं बेशुद्धीचं स्टेशन आलंच नाही. घशात शेंगदाणा अडकलेलं मूल आलं. पास झाले. फार ग्रेट नाही, पण पास.

जानेवारीत हंगाम जोरात होता. साखर कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग आणि रांगेतून कॉल आला : एक ऊसतोड कामगार पडलाय, पिऊन पडलाय म्हणतायत. पोचलो तेव्हा तो ट्रॉलीच्या चाकाला टेकून ओलाचिंब, डोळे अर्धे, हाक मारली की नुसता हुंकार. थंडी मरणाची आणि हा घामाने भिजलेला. बायको बीडकडची, एकच सांगत होती, “सकाळी शुगरची गोळी खाल्ली, भाकर खाल्लीच न्हाई, नंबर जाईल म्हणून.”

तिचं ऐकून मी मशिन काढलं असतंच. पण खरं सांगायचं तर तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याचं बोट माझ्या हातात होतं आणि स्ट्रिप लागलेली होती. आकडा आला ३१.

सुई लागायला दोन प्रयत्न लागले. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजची शंभर मिलीची बाटली जोडली. ती संपत आली तसे त्याचे डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग गाडीच्या छताकडे, मग बायकोकडे, आणि म्हणाला, “ट्रॉली पुढं घेतली का कुणी?” बाहेर जमलेले लोक हसले. मीही हसले. मशिनवर १६२.

तो उठायला लागला. बरा झालो म्हणाला, चक्कर होती, दवाखान्यात कशाला, तिथे गेलं की दिवस जातो. मुकादमही म्हणाला, आता ठीक आहे की तो. मी सांगत होते की गोळीचा असर उतरलेला नाही, साखर परत पडते, ॲडमिट व्हावंच लागेल, रात्रभर बघावं लागेल. त्याच्या बायकोला ते पटलं, त्याला नाही. तिनेच त्याला दंडाला धरून स्ट्रेचरवर बसवलं.

गाडी निघाली. मी केसशीट भरत होते, खूश होते, अक्षर जरा जास्तच सुंदर येत होतं. आरबीएस : ३१. डेक्स्ट्रोजनंतर : १६२. तो डोळे मिटून पडला होता. दमला असेल, मी मनात म्हटलं.

मामांनी आरशातून बघितलं.

“मॅडम, पंधरा मिन्टं झाली. परत शुगर बघितली का?”

मी पेन खाली ठेवलं आणि स्ट्रिपची डबी उघडली.