सरांचं देणं

शहाद्याकडच्या आमच्या पपईच्या बागेत रिंगस्पॉट हा विषाणूचा रोग शिरला, तेव्हा वडिलांनी कृषी महाविद्यालयातल्या माझ्या सरांना फोन लावला. सर दुसऱ्याच दिवशी एसटीने आले. त्यांनी एका पानाचा देठ मोडून उन्हात धरला. देठावर गर्द हिरव्या, तेलकट रेघा होत्या. शेंड्याची पानं अरुंद होऊन आखडलेली, कोवळ्या फळांवर वर्तुळं. ‘‘आप्पा, एवढी झाडं आजच उपटा. मावा क्षणभर सोंड टोचतो आणि रोग पुढच्या झाडावर नेतो. फवाऱ्याने तो मरेपर्यंत लागण झालेली असते.’’ वडिलांनी झाडं उपटली. उरलेल्या बागेने घर चालवलं.

त्याहून मोठं ऋण त्या रात्रीचं. जेवणं झाल्यावर मी विचारलं, ‘‘सर, प्रतिकारक वाण आणलं तरी हे विषाणू वाट काढतात, ते कसं?’’ सर उशिरापर्यंत बोलत राहिले. पपईचा रिंगस्पॉट आणि बटाट्याचा वाय विषाणू एकाच घराण्यातले, पोटीव्हायरस. साधारण दहा हजार अक्षरांचा आरएनए, आणि त्याची नक्कल उतरवताना झालेली चूक सुधारणारं कुणी नाही. घट्ट घडीच्या प्रथिनात एखादं अमिनो आम्ल बदललं, तर घडीच मोडू शकते. पण आरएनएच्या टोकाला जोडलेलं व्हीपीजी नावाचं प्रथिन बरंचसं सैल असतं. गोधडीला ठिगळ लागलं तरी ऊब जात नाही, तसं ते बदल पचवतं. हेच प्रथिन झाडाच्या एका प्रथिनाला धरतं, तेव्हा विषाणूचं काम सुरू होतं. वाय विषाणू मिरचीलाही लागतो; काही प्रतिकारक मिरच्यांत झाडाचं ते प्रथिन किंचित वेगळं असतं, म्हणून पकड बसत नाही. मग व्हीपीजीतच एखादा बदल होतो आणि पकड पुन्हा जमते.

मला विषाणूंच्या वाटेला त्या रात्रीने लावलं. सर निवृत्त झाले तरी त्यांनी माझं शिक्षण थांबवलं नाही. फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांचा 2018 चा शोधनिबंध त्यांनी झेरॉक्स काढून टपालाने पाठवला. वाय विषाणूची चार रूपं, प्रत्येकात व्हीपीजीचा सैलपणा कमीजास्त. ती प्रतिकारक मिरचीवर सोडलेली. सर्वांत सैल दोन रूपांनी तिथे पुन्हा लागण करण्यात आघाडी घेतली. सर्वांत कमी सैल रूपाला ते जमलंच नाही. सरांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, ‘वाण करणाऱ्यांनी हे आधी वाचावं.’

मी आता मिरचीच्या पैदाशीत आहे. एकाच जनुकाच्या भरवशावर वाण बाजारात सोडायचं नाही, हा माझा हट्ट सरांकडून आलेला आहे. दोन-तीन प्रतिकारक जनुकं एकत्र आणायची तर हंगाम जास्त जातात, खर्च वाढतो, बैठकीत कुरबुर होते. ते हंगाम जाऊ द्यावेत, असं मी दर वेळी सांगतो. बियाण्याच्या पुड्यावर विश्वास ठेवून कर्ज काढणारा शेतकरी मी घरातच पाहिलेला आहे.