दसरा की मृग?

मानवतला आमच्या मामांकडे एक गाडी आहे. वर्षाला सातशे-आठशे किलोमीटरच्या वर ती चालत नाही. एमएच २२ पासिंगची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००५ मध्ये घेतलेली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती! त्या काळात आमच्या भागात पुढारी सुमो-स्कॉर्पिओतून फिरायचे, आणि कापसाचा व्यापार करणारा हा माणूस असली गाडी घेऊन आला. का, तर औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना निघाला होता. "आपल्या मराठवाड्यात जुळणी होती राव, मग घ्यायला नको?" असा त्यांचा सवाल. (औरंगाबादचं २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण मामांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे.)

आता मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नजर उत्तम आहे, पण रात्रीचं चालवणं त्यांनी स्वतःहूनच सोडलं. मुलगा कॅनडात. मामी दर दिवाळीला म्हणतात, विकून टाका. मामा ऐकू न आल्यासारखं करतात आणि दर रविवारी सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन गाडी पाच मिनिटं चालू ठेवतात. ऑईल बदलतात ते वर्षाआड, दसऱ्याला. गाडी धुवायची, ऑईल बदलायचं, झेंडूचा हार घालायचा, लिंबं चिरडायची, झालं.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. त्यामुळे घरातल्या प्रत्येक चाकाबद्दल मला मत असतंच. मी म्हटलं, "मामा, ऑईल दरवर्षी बदलायला हवं."

"अरे, चाललीच नाही तर बदलायलास कशाला? पुस्तकात पंधरा हजार किलोमीटर लिहिलंय. या हिशेबानं मी मेल्यावर बदलावं लागंल!"

पुस्तकात पंधरा हजार लिहिलंय हे खरं. पण त्याच ओळीत पुढे "किंवा बारा महिने, जे आधी येईल ते" असंही लिहिलेलं असतं. ते वाक्य आपण सगळेच गाळतो. डब्यातलं सीलबंद ऑईल चार-पाच वर्षं सहज टिकतं, मग इंजिनातलं एका वर्षात खराब का व्हावं? तर ते तिथे एकटं नसतं म्हणून.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण साधं रसायनशास्त्र आहे. बहुतेक सगळं पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली ऑईलपर्यंत पोचते. इंजिन गार असेल तर तिथेच तिचं पाणी होतं. गार इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं, त्यातलं न जळलेलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑईलमध्ये मिसळतं. गाडी तासभर रस्त्यावर पळाली तर ऑईल चांगलं तापतं आणि हे पाणी-पेट्रोल उडून जातं. पाच मिनिटांत ते तापतच नाही. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे पाणी तापलं, ऑईल त्याच्या बरंच मागे असतं. म्हणजे दर रविवारी मामा गाडीला थोडं थोडं पाणी पाजत होते, आणि तेही अगदी मायेनं!

पाणी आणि ज्वलनातले वायू मिळून आम्ल तयार होतं. ते मारायला ऑईलमध्ये द्रव्यं घातलेली असतात, पण ती खर्च होत जातात. ती संपली की बेअरिंगची पाळी. त्यात टर्बो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो, आणि तो तरंगतो याच ऑईलच्या पातळ थरावर. अमेरिकेत २००४ मध्ये फोक्सवॅगनला पॅसॅटमधल्या १.८ टर्बो इंजिनांसाठी आठ वर्षांची वाढीव हमी द्यावी लागली होती, कारण ऑईलचा गाळ होऊन इंजिनं बसत होती. ते इंजिन मामांच्या इंजिनाचंच भाऊबंद, फक्त तिथे ते उभं बसवलेलं आणि ऑक्टाव्हियात आडवं. हमीची अट होती, वेळेवर ऑईल बदलल्याच्या पावत्या दाखवा. पावत्यांचं ऐकून मामांना जरा पटायला लागलं. शेवटी व्यापारी माणूस!

पण खरा उपयोग झाला तो ट्रॅक्टरचा. "मामा, ट्रॅक्टरचं ऑईल किलोमीटरवर बदलता का?" "नाही, तासावर." अडीचशे तास झाले की बदलायचं, हे त्यांना तोंडपाठ. जागेवर उभं राहून मळणीयंत्र चालवलं तरी तास पडतातच. म्हणजे चाक फिरलं नाही तरी ऑईल झिजतं, हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होतं. कारला तसा तासांचा काटा नाही, इतकंच.

मग उरला वाद तिथीचा. मामांना दसरा हवा. माझं म्हणणं, मृग लागायच्या आधी बदला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर काळ्या मातीचा चिखल, शेडमध्ये दमट हवा, आणि ही गाडी चार महिने हलत नाही. जुनं, आम्ल साठलेलं ऑईल पोटात ठेवून तिला झोपवायचं आणि दसऱ्याला ते काढून टाकायचं, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेल्यावर औषध. झोपायच्या आधी ऑईल ताजं हवं. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. ("आपल्याच उसाचं हाय की ते," इति मामा.) टर्बोला पूर्ण सिंथेटिक ऑईल लागतं. फिल्टर धरून साधारण अर्ध्या क्विंटल कापसाचे पैसे. दर सहा महिन्यांनी बदला म्हणणाऱ्यांचं मात्र मुळीच ऐकू नका, ती शुद्ध उधळपट्टी आहे.

मागच्या मे महिन्यात, शेवटच्या आठवड्यात, बदललं एकदाचं. आधी मामांनी परभणीपर्यंत जाऊन-येऊन गाडी चांगली तापवली. मी शेजारी बसलो होतो. टर्बो जागा झाला की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मामींनी एकदा पाहायला हवं. ऑईल खाली निघालं ते काळं, पातळ, पेट्रोलचा वास मारणारं. झाकणाच्या आतून सायीसारखा पांढरट थर. मामांनी तो बोटावर घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "सातशे किलोमीटरच चाललंय, ट्रॅक्टरला टाकू." मी नाही म्हटलं. शेवटी ते वाळवीसाठी गोठ्याच्या लाकडांना फासायला ठेवलं.

पत्र्यावर खडूनं तारीख लिहिली. किलोमीटर लिहिलेच नाहीत.

आता ठरलंय असं की पाऊस उघडला की पंधरा दिवसांतून एकदा, दिवसाउजेडी, तासभर चालवायची. मामी कुरकुरल्या, पण मागे बसून यायला तयार झाल्या. पावसाळाभर स्टार्टर मारायचा नाही, बॅटरीची वायर काढून ठेवायची. हे शेवटचं मामांना फार जड गेलं. तर मामी फोनवर सांगत होत्या, रविवारी सकाळी ते अजून शेडमध्ये जातातच. दार उघडं टाकून ड्रायव्हरच्या सीटवर बसतात आणि पेपर वाचतात. किल्ली खिशात असते.