समोरच्या खुर्चीवरून

पणजीस जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीस १७५६ साली जन्मलेले हे धर्मगुरू संमोहनाचे एक आद्य अभ्यासक. १९४५ साली उभारलेल्या या पुतळ्यात ते हात पसरून उभे आहेत आणि पुढ्यात एक स्त्री निद्रावश झाली आहे. पाहणाऱ्यास वाटते, सारी शक्ती त्या हातांत! पण १८१९ साली पॅरिसला प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात फारियांनी नेमके उलट प्रतिपादन केले. निद्रा आणणाऱ्याच्या अंगी अद्भुत शक्ती नसते. तिचे कारण निद्रा घेणाऱ्याच्याच मनात असते.

शाळांतून आता समुपदेशक येऊ लागल्यामुळे आम्हां शिक्षकांस हा विचार फार जवळचा वाटतो. समुपदेशकाची पदवी आपण पाहतो. मूल निराळेच पाहते. हा मुख्याध्यापकांचा माणूस तर नव्हे? आपले बोलणे घरी कळेल काय? आणि मोरजीसारख्या गावात, जिथे वाड्यावाड्यांत सारे एकमेकांस ओळखतात, त्या खोलीत शिरताना कुणी पाहिले तर ‘याचे डोके फिरले’ असे म्हणतील काय?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली समुपदेशन फलदायी होण्यासाठी सहा अटी मांडल्या. त्यांतली शेवटची अशी, की समुपदेशकाची आस्था व समज समोरच्यास थोडी तरी जाणवली पाहिजे. पोटातली माया पोटातच राहिली तर तिचा उपयोग काय?

गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ संस्थेने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींस तयार करून आरोग्यकेंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले. नैराश्याने व चिंतेने ग्रासलेल्या सरकारी केंद्रांतील रुग्णांस त्याचा लाभ झाल्याचे २०१० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्यातल्या माणसापाशी जीभ लवकर मोकळी होते, असे आम्हांस यावरून वाटते.

म्हणून समुपदेशकाने आरंभीच स्पष्ट सांगावे, की तुझे बोलणे माझ्यापाशी राहील. मात्र जिवास धोका असेल किंवा कुणी अत्याचार केला असेल, तर ते योग्य ठिकाणी कळवणे मला भाग आहे. आणि उठताना मुलास विचारावे, ‘माझ्याशी बोलून तुला कसे वाटले?’

कारण विश्वास उडालेले मूल तक्रार करीत नाही. ते पुन्हा येत नाही, इतकेच. आणि जे सांगायचे होते ते एकट्यानेच वाहत राहते.